पंखाचं टोक धरणारे : उड्डाण आणि बालकला या विषयाची प्रस्तावना

पुण्याच्या खराडीत वाढणाऱ्या मुलाला विमान डोळ्यांआधी कानांना कळतं. लोहगावच्या धावपट्टीवरून हवाई दलाचं सुखोई उठलं की वर्गात शिकवणाऱ्या बाई वाक्य अर्ध्यावर थांबवतात, आवाज विरू देतात आणि मग पुढचा शब्द उच्चारतात. पाच-सहा वर्षांचं पोरही मान वर न करता सांगतं, ‘हे फायटर’, ‘हे पॅसेंजरचं’. विमान हा या मुलांच्या दिवसाचाच भाग आहे. पण रोज दिसणारी वस्तू कोणीतरी हातांनी केलेली असते, हे मात्र रोज दिसत नाही. विमान येतं आणि जातं, जसा पाऊस येतो आणि जातो. त्यामागे कागद, बांबू, कापड, सुई-दोरा आणि कित्येक माणसांचे हात होते, हे मुलाला कळावं कसं?

या प्रश्नापासून आपला विषय सुरू होतो. माणसाच्या उडण्याच्या गोष्टीतून स्फूर्ती घेऊन मुलांनी वस्तीतल्या मोठ्यांसोबत, सर्वांची म्हणून केलेली कला, असं त्याचं थोडक्यात वर्णन करता येईल. त्याला तीन वाटा येऊन मिळतात: उड्डाणाचा इतिहास, बालकलेचा अभ्यास आणि सामूहिक कलेची परंपरा. तिन्हींवर स्वतंत्रपणे भरपूर विचार झाला आहे. त्या एकत्र येतात तिथे काय घडतं, हे पाहण्यासाठी ही प्रस्तावना. तुम्ही चित्रकलेचे शिक्षक असा, शिवणकाम करणारी आजी असा, सोसायटीतले निवृत्त अभियंता असा किंवा बांधकामावरच्या मुलांचा वर्ग घेणारी ताई असा, या विषयात यायला वेगळी पात्रता लागत नाही. हात आणि कुतूहल पुरेसं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. ‘विमान’ या संस्कृत शब्दात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. विमान म्हणजे मापून-आखून केलेली वस्तू. म्हणूनच जुन्या भाषेत तो देवांच्या वाहनाला लागतो, राजवाड्याला लागतो आणि दक्षिणेतल्या मंदिरांच्या गाभाऱ्यावरच्या शिखरालाही लागतो. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द कारागिराचा होता. कागदाची घडी घालताना दोन्ही पंख सारखे आहेत ना, हे बोटाने तपासणारं मूल नकळत या शब्दाच्या मुळाशीच पोचलेलं असतं.

खराडीच्या शेजारी हा शब्द आणखी एका अर्थाने रुजला आहे. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ मानलं जातं. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा देहूहून सदेह वैकुंठाला गेले, त्यांना न्यायला विमान आलं, ही श्रद्धा वारकऱ्यांच्या घराघरांत आहे. तुकाराम बीज तिच्याच स्मरणार्थ साजरी होते. ज्या गावात तुकोबांचं आजोळ, त्याच गावच्या माळावर १९३९ साली हवाई तळ उभा राहिला. पुढे तिथूनच पुण्याची नागरी विमानं उडू लागली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. श्रद्धेतलं विमान आणि धावपट्टीवरचं विमान एकाच शिवारात अशी शेजारी फार थोड्या ठिकाणी नांदतात.

या दोन विमानांच्या मध्ये एक तिसरं विमान आहे आणि आपल्या विषयाला तेच सर्वांत जवळचं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३६ साली पुण्यात ‘संत तुकाराम’ हा चित्रपट केला. त्याच्या शेवटी प्रचंड गरुड पंख हलवत तुकोबांना घेऊन आकाशात जातो. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार-कारागीर. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तो गरुड देवाने पाठवलेला नव्हता आणि कारखान्यातही घडला नव्हता. स्टुडिओतल्या माणसांनी तो केला होता. प्रेक्षकांना उडण्याचा विश्वास वाटावा म्हणून चित्रकारांनी केलेलं ते विमान होतं. मुलांबरोबर काम करताना आपल्याला असंच विमान करायचं असतं: हवेत कदाचित न उडणारं, पण पाहणाऱ्याला उचलून नेणारं.

उडणं चित्रात आणायचं कसं, हा प्रश्न आपल्या कलावंतांनी फार आधीच सोडवला होता. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात, आकाशातून जाणारी अप्सरा आहे. तिला पंख नाहीत. तिच्या गळ्यातले मोत्यांचे सर एका बाजूला झुकले आहेत, आणि त्या झुकण्यातून वेग दिसतो. वेरूळच्या शिल्पांतले गंधर्वही दुमडलेल्या पायांनी आणि मागे फडफडणाऱ्या वस्त्रांनी उडतात. युरोपातल्या चित्रकारांनी देवदूतांना पक्ष्यांचे पंख दिले. आपल्याकडे बहुतेक वेळा गतीनेच उड्डाण सांगितलं. मुलांसमोर ही दोन्ही प्रकारची चित्रं ठेवा आणि विचारा, ‘पंख न काढता उडणारा माणूस कसा दाखवाल?’ मग कोणी ओढणी काढतं, कोणी विस्कटलेले केस, कोणी पायातून निसटणारी चप्पल. तिथे त्यांनी उडणाऱ्या माणसाबरोबर वाराही काढलेला असतो.

इथे अभ्यासकाचा एक सावध शब्द. उड्डाणाच्या मराठी कथांत शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव हमखास येतं. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, असं सांगितलं जातं. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा उपलब्ध नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली कसून तपास केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून ही कथा मुलांना सांगूच नये का? सांगावी, पण कथा म्हणून. सोबत पुरावा म्हणजे काय, हेही सांगावं. तुकोबांचं विमान श्रद्धेचं, ‘प्रभात’चं कलेचं, धावपट्टीवरचं यंत्राचं. प्रत्येकाचं सत्य वेगळ्या जातीचं असतं. या जाती वेगळ्या ओळखायला शिकणं, हा या कलाप्रकल्पातला सर्वांत मौल्यवान धडा असू शकतो.

आता यंत्राच्या विमानाकडे वळू. त्याचा इतिहास मोठ्यांसाठी लिहिताना इंजिनापासून सुरू करतात, पण मुलांसाठी तो खेळण्यापासून सुरू करावा, आणि तसं करणं इतिहासाला धरूनच आहे. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी एक उडतं खेळणं आणलं. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांच्या रचनेवर बेतलेलं ते खेळणं कागद, बांबू, बूच आणि पिळलेलं रबर यांचं होतं. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात. मुलांनी त्याचं नाव ठेवलं ‘वटवाघूळ’. ते मोडेपर्यंत खेळले, मग तशीच स्वतः बनवू लागले. आकार मोठा केला की खेळणं नीट उडेना. हे अपयश आपल्याला जपून ठेवायला हवं. आकार दुप्पट झाला की वजन दुपटीहून बरंच जास्त वाढतं, हे त्या पोरांच्या हातांना आधी कळलं, त्यामागचं गणित नंतर.

१८९९ साली पंख पिळून तोल सांभाळण्याची कल्पना तपासायची होती, तेव्हा विल्बरने दीड मीटरचा दुमजली पतंग उडवला. पाहायला शाळकरी मुलं जमली होती. त्याआधी १८०४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी ग्लायडरचा पहिला नमुना केला, तेव्हा पंखाच्या जागी साधा पतंगच काठीला बांधला होता. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी करकोच्यांचं उडणं पाहून पंख बांधले आणि १८९१ ते १८९६ या वर्षांत दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या. शेवटी अशाच एका झेपेतल्या अपघाताने त्यांचा जीव घेतला. विमानविद्येच्या या पूर्वजांना पतंग म्हणजे निव्वळ खेळ कधीच वाटला नाही. तो त्यांचा प्रश्न विचारण्याचा मार्ग होता.

मला मात्र सर्वांत प्रिय आहे ती १९०० सालातली गोष्ट. विल्बर किटी हॉक या किनाऱ्यावरच्या गावी पोचला, तेव्हा टेट नावाच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. त्यांच्या अंगणात ग्लायडर जोडला गेला. पंखांचं कापड लहान करावं लागलं, तेव्हा घरच्या अॅडी टेट यांच्या शिलाई मशीनवर ते बेतून शिवलं गेलं. हंगाम संपला, भाऊ घरी परतले आणि ग्लायडर वाळूतच सोडून गेले. अॅडी टेट यांनी त्याच्या पंखांचं सॅटीन काढून आणलं आणि आपल्या दोन मुलींना फ्रॉक शिवले. उड्डाणाच्या इतिहासात तारखा पुष्कळ आहेत, पण गावातल्या दोन पोरी विमानाच्या पंखांचे फ्रॉक घालून बागडताहेत, हे चित्र त्या सगळ्यांत वेगळं उठून दिसतं. उड्डाण आणि गाव यांचं देणं-घेणं कसं असतं, ते या एका कापडात सापडतं.

१७ डिसेंबर १९०३ चं राइट बंधूंचं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं होतं, १२० फुटांचं. खराडीतल्या मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज मावेल एवढं. जगाने पाहिलेला त्याचा फोटो जॉन डॅनियल्स या जीवरक्षक दलातल्या माणसाने काढला. त्याने त्याआधी कॅमेरा हाताळलेलाही नव्हता. बघायला उभ्या असलेल्या पाचांत जॉनी मूर नावाचा गावातला एक कोवळा पोरगा होता. इंजिन चार्ली टेलरने घडवलं होतं, आणि घरची बाजू बहीण कॅथरीन सांभाळत होती. पुस्तकांत दोन नावं राहिली, पण वाळूवर मात्र अख्खं गाव उभं होतं.

उड्डाणामागचे असे हात पाहायला लांब जायची गरज नाही. नदीपलीकडे हडपसरला १९५० पासून ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरला इंजिन नसतं. दूरवरचं विंच तारेने त्याला ओढतं आणि तो वर चढतो. पण जमिनीवर उभा असताना त्याचा एक पंख टेकलेला असतो. कोणीतरी तो पंख टोकाला धरून समांतर ठेवतं, ग्लायडर सरकू लागला की त्याच्याबरोबर काही पावलं धावतं आणि हवेने पंख पेलला की हात सोडतं. येवल्यात संक्रांतीच्या तीन दिवसांत गच्चीगच्चीवर हेच दृश्य दिसतं. एकजण मांजा गुंडाळायची ‘आसारी’ धरून उभा, दुसरा पतंग घेऊन लांब जातो आणि वारा बघून सोडतो. उडणाऱ्याकडे सगळे पाहतात. हात सोडणाऱ्याकडे पाहायला शिकवणं, हे सामूहिक कलेचं काम आहे.

‘सामूहिक कला’ हा शब्द अभ्यासात ब्रिटनमधल्या १९६०-७० च्या चळवळीतून प्रचारात आला, पण गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीत वाड्यातली, आता सोसायटीतली पोरं मिळून माती कालवतात, किल्ला करतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. कुठला बुरुज कोणाचा, हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही. ही सामूहिक कलाच आहे. बाजूच्याच खांबावर विमानाच्या आकाराचा आकाशकंदील लटकलेला असतो, म्हणजे आपला विषयही तिथे हजर असतो.

बालकलेच्या अभ्यासालाही महाराष्ट्रात घरचा वारसा आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून सेवाग्रामला कलाशिक्षक होते. मुलाची कला ही शिक्षणाच्या कडेची नक्षी नाही, ती शिक्षणाचा पाया आहे. मोठ्यांनी चित्र सुधारायचं नसतं, चित्र उमलेल असं वातावरण द्यायचं असतं, हा त्यांच्या विचारांचा गाभा. पुण्यात १९८५ पासून गरवारे बालभवनाने खेळ आणि कला यांना शाळेबाहेर हक्काची जागा दिली. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करायला शिकवलं. त्यात कागदाचं गरगरत उतरणारं हेलिकॉप्टरही असतं. परदेशातले कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवलं, की नऊ ते बारा या वयात मूल आपल्या चित्राकडे मोठ्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतं, ‘मला चित्र येत नाही’ म्हणतं आणि पेन्सिल खाली ठेवतं. उडणारी वस्तू नेमकी इथे कामी येते. ती हुबेहूब दिसली नाही तरी चालतं. ती तरंगली की मुलाच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

खराडीत हे काम का करावं, याचं माझं उत्तर इथल्या मुलांत आहे. शेतीचं गाव दोन-तीन दशकांत आयटी पार्कचं उपनगर झालं. एका बाजूला पंधराव्या मजल्यावरून ढग पाहणारी मुलं आहेत. त्यांतली कित्येक सुटीत विमानाने आजोळी जातात. दुसऱ्या बाजूला तेच मजले बांधणाऱ्यांची मुलं आहेत. साइट संपली की त्यांचं बिऱ्हाड हलतं. अशा मुलांपर्यंत शिक्षण नेण्याचं काम पुण्यात डोअरस्टेप स्कूलसारख्या संस्था वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. या दोन्ही मुलांच्या डोक्यावरून जाणारं विमान एकच असतं. ते दोघं एकाच कागदाला दोन बाजूंनी डिंक लावत बसतील, अशा जागा मात्र फार थोड्या आहेत. अशी जागा निर्माण झाली, तर उंचीचा अर्थ दोघांकडून शिकता येईल. एकाला ढग वरून कसे दिसतात ते ठाऊक असतं, दुसऱ्याला परांची कशी बांधतात ते.

करायचं काय, याची यादी मोठी होईल, म्हणून पहिल्या पावलांपुरतंच सांगते. आधी पाहणं. उन्हाळ्यात रुईची म्हातारी हवेतून येते. तिला पकडून तिचे केस मोजायचा प्रयत्न करा. मुळा-मुठेवर घार पंख न हलवता घिरट्या घेते. ती वळताना शेपूट कशी तिरकी करते, ते आधी बोटाने हवेत आणि मग कागदावर उमटवा. जत्रेतलं भिरभिरं उघडून पुन्हा जोडा. मग बनवणं. बांबूच्या कामट्या पुण्याच्या बुरूड आळीत मिळतात, आणि तिथे कामटी सोलणारे हातही पाहायला मिळतात. जुन्या साड्यांचे पंख, पुठ्ठ्याची पिसं, कागदाचा भलामोठा गरुड, ज्याचं एकेक पीस एकेका घरातून येईल. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी पाहा. एकापाठोपाठ एक चित्र पुढे करत कथा गाणारी ती परंपरा मुलांना लगेच उचलता येते. जटायूपासून राइट बंधूंपर्यंतची गोष्ट त्याच रीतीने गात दाखवता येईल. आणि शेवटी सांगणं: जे केलं ते वस्तीसमोर मांडणं, आणि कोणी काय धरून ठेवलं होतं, त्या सगळ्यांची नावं घेणं.

काही पथ्यं पाळावीच लागतील. खराडी विमानतळाच्या इतकी जवळ आहे, की उंच पतंग, आगीवर उडणारे कंदील, लेझरचे झोत यांनी खऱ्या वैमानिकाला धोका होऊ शकतो. ड्रोनला परवानगीशिवाय इथे उडता येत नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, कारण तो पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो. ही बंधनं मुलांना समजावून सांगितली, की तीही प्रकल्पाचाच भाग होतात. आकाश सगळ्यांचं आहे, म्हणून त्यात आपण काय सोडतो याची जबाबदारी आपली, हे आकाशाजवळ राहणाऱ्यांनी आधी शिकायला हवं. दुसरं पथ्य मोठ्यांसाठी. स्पर्धा लावू नका. ‘सर्वांत लांब गेलेलं विमान’ निवडलं, की उरलेल्या सगळ्या विमानांबद्दल बोलायला कोणी उरत नाही.

अभ्यासकांसाठी या विषयात प्रश्न भरपूर आहेत. विमानतळाच्या आवाजात वाढणारी मुलं आकाश वेगळं रंगवतात का? विमानात बसलेलं आणि न बसलेलं मूल उंची कशी दाखवतं? घर सोडून आलेल्या मुलाच्या चित्रातलं विमान कुठे निघालेलं असतं? मुली किती चित्रांत वैमानिकाच्या जागी बसलेल्या दिसतात? यांची उत्तरं ग्रंथालयात नाहीत, ती वस्तीतल्या सतरंजीवर आहेत. वही, पेन आणि भरपूर धीर घेऊन तिथे बसणारे अभ्यासक या विषयाला हवे आहेत.

२०२५ च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या यानात एक मऊ खेळणं होतं. हंस. त्याचं नाव ‘जॉय’. ते हवेत तरंगू लागलं, की वजनरहित अवस्था आली असं समजायचं. १९८४ साली अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि शुक्ला, दोघेही आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत घडले. माणूस अंतराळात पोचला, तरी तिथे पोचल्याची खूण म्हणून सोबत नेलं ते एक मऊ खेळणं. पेनोच्या वटवाघळापासून या हंसापर्यंत उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यावर हातात मावणारी एखादी छोटी वस्तू दिसतेच.

म्हणून तुम्ही या विषयात याल, तेव्हा आधी मुलांना कागद द्या आणि मग तुम्ही स्वतः काय धरणार आहात ते ठरवा. कामटी धरा, डिंकाची वाटी धरा, पंखाचं टोक धरा. विमान सरकू लागेल तेव्हा काही पावलं धावा. पंख हवेने पेलला, हे तुमच्या तळहाताला कळेल, कारण त्यावरचा भार नाहीसा होईल. तेव्हा हात सोडा. मुलं वर पाहत असतील, आणि तसंच असायला हवं. पण पुढच्या खेपेला त्यांतलंच एखादं मूल आपणहून मागे येईल आणि दुसऱ्याच्या विमानाचा पंख धरून उभं राहील. हा विषय ज्यासाठी आहे, ते त्या क्षणी घडलेलं असेल.